रद्दीतला वैमानिक

मैत्रिणींनो, संगणकावर विमान उडवायचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, हल्ली पुष्कळ मुलं खेळतात. काही जण त्यासाठी आपला वैमानिकही तयार करतात. नाव, वय, हुद्दा, उड्डाणाचे तास, सगळं! पण तो बहुधा इंग्रजी सिनेमातून उचललेला. का बरं? आपल्या नागपुरात काय कमी आहे?

१९४९च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. त्या काळचं डाकोटा विमान खेळातही मिळतं. मग वैमानिकही तसाच अस्सल हवा ना? त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं, वेळापत्रकं आणि वैमानिकांची लॉगबुकं चाळावी लागतात. तारीख, विमान, कुठून कुठे, किती तास, हे लॉगबुकात लिहिलेलं असतं. त्यातूनच माणूस उभा राहतो. मात्र खऱ्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या तोंडी मनचं काही घालू नये.

मुलींनाही सांगा, सरला ठकराल यांनी १९३६ साली, वयाच्या २१व्या वर्षी वैमानिकाचा परवाना मिळवला. नोंद राहिली, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे.

आणि घरातले कागद राहणार की जाणार, हे दिवाळीच्या आवराआवरीत आपणच ठरवतो. सासऱ्यांच्या ट्रंकेतली जुनी वही रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी एकदा उघडून तर बघा!