मामाची शिष्यवृत्ती

बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात धाडले, हे आमच्या शहरातल्या नागसेनवनात शाळकरी पोरही सांगेल. १९५० साली बाबासाहेबांनी इथे मिलिंद महाविद्यालय काढले त्यामागे ते शिक्षणही आहेच. पण त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, याच महाराजांनी गाणेबजावणे शिकायला एकाला लंडनला पाठवले होते, हे फारसे कुणी काढत नाही. तो अल्लाउद्दीन खाँ, बडोद्याच्या मौलाबक्षांचा मुलगा. बापाने १८८६ साली तिथे गायनशाळा काढलेली, स्वतःची स्वरलिपी बसवलेली. ती घोटून मोठा झालेला हा मुलगा रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पाच रेघांच्या पाटीवर पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसला! घराण्याच्या गादीवरून उठून विद्यार्थ्याच्या बाकावर बसायला, माझ्या मते, गळ्यापेक्षा मन जास्त तयार लागते. परतल्यावर त्याने बडोद्यात नोकरी केली. संस्थानाला बँडही हवा होता, त्याला पाठवणे ही नुसती हौस नव्हती. आणि परतून चाकरी करण्याचा करार तर बाबासाहेबांनाही चुकला नाही. पुढे त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकलेला भाचा इनायत खाँ १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेला. आज आमच्या शहरातली पोरे परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरतात ते बहुधा अभियांत्रिकीचे. ‘संगीतासाठी जायचंय’ म्हटले, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आल्यावर करणार काय?’ महाराजांनीही तोच विचारला असणार. फरक इतकाच, की उत्तर त्यांच्याकडे तयार होते.