न वाचणाऱ्यांची नियमावली

एका जिल्ह्याच्या गावी, महाविद्यालयामागच्या गल्लीत टायपिंग-बाइंडिंगचे एक दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या पाटीवर 'प्रबंध टाइप करून मिळतील' एवढेच होते. मग खाली 'प्लेजरिझम काढून मिळेल' ही ओळ वाढली. आता त्याखाली लाल अक्षरांत नवी ओळ आली आहे : 'एआय काढून मिळेल. रिपोर्टसह.' एआय काढता म्हणजे नेमके काय करता, असे आम्ही दुकानदाराला विचारले. तो हसला. "सर, पोरं यंत्राकडून लिहून आणतात, युनिव्हर्सिटी यंत्राकडून पकडते, म्हणून आम्ही यंत्राकडूनच पुसून देतो. पानाचा रेट आहे." विद्यापीठांच्या समित्यांना बैठकांवर बैठका घेऊन आणि प्रवासभत्ते उचलून जे उमगले नाही, ते या माणसाने सुपारी कातरता कातरता सांगून टाकले.

आमच्या विद्यापीठांना सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर नियम करण्याची हुक्की आली आहे. परिपत्रके निघत आहेत, हमीपत्रांचे नमुने छापले जात आहेत. या कागदांत 'नैतिक', 'जबाबदार', 'विवेकी' या विशेषणांचा नुसता सडा असतो. तो ओलांडून पुढे गेले की शेवटी एक आकडा हाती लागतो. यंत्रलिखित मजकूर इतक्या टक्क्यांच्या आत असावा. कुठे दहा, कुठे वीस. ही टक्क्यांची मोजपट्टी आली कुठून? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीतून उचललेली. त्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ, दहा ते चाळीसपर्यंत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, चाळीस ते साठला वर्षभर दरवाजा बंद आणि साठच्या वर नोंदणीच रद्द, अशी पायऱ्यांची शिक्षा आहे. ती नियमावली झाली तेव्हा चॅटजीपीटी जन्माला यायला चार वर्षे होती. तिच्यात यंत्राने लिहिलेल्या मजकुराबद्दल अवाक्षर नाही. असणार कसे? पण आमच्या कारकुनी बुद्धीला मोजपट्टी मिळाली की पुरते. तिने कापड मोजायचे की ताप, याची तिला फिकीर नसते.

आणि इथेच सगळा घोटाळा आहे. साम्य तपासणारे सॉफ्टवेअर निदान पुरावा दाखवते. हा परिच्छेद अमुक लेखातून आला, हे मूळ, ही नक्कल. डोळ्यांनी पाहा आणि ठरवा. एआय पकडणाऱ्या यंत्राकडे मूळ नावाची वस्तूच नसते. एका शब्दानंतर पुढचा शब्द किती अपेक्षित होता, वाक्ये किती सरळसोट आहेत, यावरून ते अदमास बांधते आणि अदमासाला टक्क्यांचा मुखवटा चढवते. ज्या कंपनीने चॅटजीपीटी बनवले, त्या ओपनएआयने स्वतःचेही असे एक यंत्र काढले होते. यंत्रलिखित मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर त्याने यंत्राचा शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये कंपनीने ते गुपचूप बंद केले. साम्य तपासणाऱ्या टर्निटिन कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये आपले यंत्र बाजारात आणले तेव्हा चूक एका टक्क्याहून कमी असल्याचा दावा केला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशेब मांडला : आमच्याकडे २०२२ मध्ये ७५ हजार निबंध तपासायला गेले होते, एक टक्का धरला तरी ७५० निबंध विनाकारण चोरीचे ठरले असते. त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय बंद करून टाकली. खुद्द टर्निटिन सांगते की केवळ या आकड्यावर कोणावर कारवाई करू नका. विक्रेता सांगतो आहे की या तराजूत सोने तोलू नका, आणि आमचे अधिष्ठाते त्याच तराजूत मुलांचे आयुष्य तोलायला बसले आहेत!

या तराजूचा काटा कोणाकडे झुकतो, तेही ऐका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा सात यंत्रांपुढे ९१ निबंध ठेवले. इंग्रजी ही ज्यांची मायबोली नाही अशा, टोफेल परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांचे ते निबंध होते. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्रांनी 'यंत्रलिखित' ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ निर्दोष सुटले. कारण उघड आहे. ज्याने परकी भाषा पाठ करून, तोलूनमापून, चुकायच्या भीतीने लिहिली, त्याचे शब्द ठरावीक असतात आणि वाक्ये सरळ असतात. यंत्राला तोच गुन्हा वाटतो. म्हणजे परभणीच्या झेडपी शाळेतून निघून, व्याकरणाचे पुस्तक झिजवून इंग्रजी प्रबंधापर्यंत पोहोचलेली मुलगी संशयित आणि घरात इंग्रजी बोलणारा सज्जन! अशी एक मुलगी आमच्या माहितीतली आहे. तिच्या प्रस्तावनेवर ४३ टक्के आले. तिने काय करावे? रात्री बसून तिने आपली शुद्ध वाक्ये अशुद्ध केली. 'द' हे उपपद काही ठिकाणी गाळले, दोन क्रियापदे मुद्दाम बिघडवली, एका सोप्या शब्दाच्या जागी शब्दकोशातला अवजड शब्द आणून बसवला. आकडा ९ वर आला. मार्गदर्शकांनी सही केली. विद्या बिघडवल्याबद्दल प्रमाणपत्र देणारी ही जगातली पहिलीच व्यवस्था असावी.

सगळ्यांनाच असे वाकता येत नाही. हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने एलएलएमच्या विद्यार्थ्याचे उत्तर ८८ टक्के यंत्रलिखित ठरवून त्याला नापास केले. तो कायद्याचाच विद्यार्थी. २०२४ मध्ये थेट पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला. पुरावा काय, नियम कोणता, असे त्याने विचारले. न्यायालयाने विद्यापीठाकडे जाब मागताच विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण करून टाकले आणि याचिका निकाली निघाली. नियमाची एवढी खात्री होती तर घाबरलात कशाला? आणि वकिलाची फी ज्याला परवडत नाही, त्याने कोणाच्या पायरीवर जाऊन बसावे?

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याचा तर आणखीच मौजेचा प्रकार. ही यंत्रे घडली ती मुख्यतः इंग्रजीसाठी. त्यातून आमच्याकडे अजूनही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत प्रबंध टाइप होतात. पडद्यावर ते मराठी दिसतात. आत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. ती खिचडी तपासणीला गेली की साम्य शून्य! अख्खा प्रबंध दुसऱ्याचा असला तरी शून्य. 'अस्सल संशोधन' असा दाखला घेऊन तो कपाटात जातो. टायपिंगवाल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. विद्यापरिषदेतल्या कोणालाच ठाऊक नाही, यावर आमचा विश्वास नाही.

आता मुळाला हात घालतो. यंत्राने आमच्याकडे लबाडी आणली नाही. ती इथे पाटावर बसून जेवत होती. यंत्राने फक्त तिचे ताट वाढले. अपेक्षित प्रश्नसंच कोणी छापले? मायक्रो झेरॉक्स कोणत्या चिपने काढली? इंजिनिअरिंगच्या मुलांनी वर्षानुवर्षे सीनियरच्या फायली उतरवून 'सबमिशन' केले आणि प्राध्यापकांनी आतले पान न उलटता तारीख टाकून सही केली, तेव्हा कोणते सॉफ्टवेअर होते? बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये परीक्षा झाली, तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच निघाली. गरीब घरातल्या पोरांना जानेवारीत पुन्हा परीक्षेला बसावे लागले. ज्यांना चार वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका पुन्हा वाटताना लाज वाटली नाही, त्यांच्याच जमातीने विद्यार्थ्याला मौलिकतेवर हमीपत्र मागावे? बोगस नियतकालिकांना आळा घालायला आयोगाने केअर यादी केली, तीही २०२५ मध्ये गुंडाळली. मधल्या काळात पैसे भरून लेख छापणाऱ्यांचा धंदा तेवढा वाढला, कारण बढतीसाठी लेख मोजले जात होते. वाचले जात नव्हते.

हाच तो शब्द. वाचणे! विद्यापीठात आज वाचतो कोण? काही महिन्यांपूर्वी आम्ही एका खुल्या मौखिक परीक्षेला मुद्दाम जाऊन बसलो. पाहुणे परीक्षक अकराला आले, त्यांची परतीची गाडी दीडची. टेबलावर प्रबंधाची सोनेरी अक्षरांची प्रत. तिचा कणा मोडलेला नव्हता, म्हणजे ती कोणी उघडलीच नव्हती. पहिला प्रश्न, "हाच विषय का घ्यावासा वाटला?" दुसरा, "समाजाला याचा उपयोग काय?" मग सूचना झाली की संदर्भसूची जरा वाढवा. मग शाल, श्रीफळ आणि उपमा. चारशे पानांवर एकही प्रश्न आला नाही. असला प्रबंध माणसाने लिहिला की यंत्राने, याने कोणाचे काय बिघडते? जे कोणी वाचणार नाही ते लिहायला यंत्रच योग्य. माणसाचा जीव त्यात कशाला घालवावा?

याचा अर्थ विद्यार्थी धुतल्या तांदळासारखे आहेत असा कोणी काढू नये. शोधगंगेच्या प्रबंध-भांडारात एक तास घालवण्याऐवजी यंत्राला दहा संदर्भ मागायचे, त्याने बेमालूम बनवलेली, जगात नसलेली पुस्तके तळटीपेत टाकायची आणि वर 'डॉक्टर' म्हणवून घ्यायचे, ही निर्लज्जता आहे. यंत्र खोटे संदर्भ रचते हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असले बनावट निवाडे न्यायालयात दाखल करणाऱ्या वकिलांना ५ हजार डॉलरचा दंड झाला. आमच्या मते, संशोधकाच्या तळटीपेत अस्तित्वात नसलेले पुस्तक सापडले तर तेवढ्यावर प्रबंध परत करावा. त्यासाठी टक्के लागत नाहीत. ग्रंथपाल आणि एक दुपार पुरते.

पण त्या दुपारी बसायला माणूस हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात महाविद्यालयातल्या जागा रिकाम्या, तास सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, पोरांच्या गळ्यात, आणि जे कायम आहेत ते नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली शिवत बसलेले. सरकारने माणसे भरायची नाहीत, यंत्राची वर्गणी मात्र हौसेने भरायची! वाचणारा मार्गदर्शक कसा असतो, याचे शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण देतो. १९२३ मध्ये डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने आला. त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. तीत या गुरूने आपल्या शिष्याची बरीचशी टीका आपल्याला पटत नाही, असे उघड लिहिले आहे. पटत नाही म्हणायलाही आधी वाचावे लागते. बाबासाहेबांच्या नावाने विद्यापीठे काढणाऱ्यांनी आपल्या प्रबंधांतली किती पाने मार्गदर्शकाला न पटता मंजूर झाली, ते एकदा सांगावे.

नियम हवेतच. पण ते कसे हवेत? यंत्राच्या टक्केवारीवर एकाही विद्यार्थ्याला शिक्षा करता येणार नाही, हे पहिल्या ओळीत लिहा. संशय आला तर समोर बसवा, त्याचे टिपण, कच्चे खर्डे, मुलाखतींच्या वह्या मागा आणि त्याला बोलू द्या. त्याच्या भाषेत, मराठीत. सिडनी विद्यापीठाने परीक्षेचे सरळ दोन भाग केले आहेत : एक समोरासमोर, देखरेखीखाली, दुसरा खुला, जिथे यंत्र वापरायला मुभा आहे. जिथे आपले डोळे पोहोचत नाहीत तिथे बंदी घालून स्वतःचे हसे करून घेऊ नये, एवढा शहाणपणा त्यात आहे. यंत्राची मदत कुठे घेतली हे विद्यार्थ्याने लिहून द्यावे, आणि प्राध्यापकानेही द्यावे. प्रश्नपत्रिका, शेरे, अहवाल यंत्राकडून उतरवून घेणारे गुरुजी आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. भाषा सुधारून घेणे, भाषांतर करून घेणे याला गुन्हा ठरवू नका; इंग्रजीच्या दारात तिष्ठणाऱ्या मुलांना ती पहिल्यांदाच मिळालेली काठी आहे. पैसेवाल्याची मुले वर्गणीचे यंत्र वापरणार आणि बाकीची फुकटातले, ही दरी मिटवायची असेल तर ग्रंथालयात सर्वांना एकच यंत्र उपलब्ध करून द्या.

आणि एका गोष्टीवर मात्र कडक बंदी घाला, जिच्याबद्दल आम्ही पाहिलेल्या परिपत्रकांत एक शब्द नाही. समाजशास्त्राचा एक विद्यार्थी पालघरच्या पाड्यावर जातो. कुपोषणात मूल गेलेली बाई त्याच्यापुढे रडते, नवऱ्याचे, सावकाराचे नाव घेऊन बोलते. ती त्या पोराशी बोलते, त्याच्या तोंडाकडे बघून बोलते. तो खोलीवर येऊन ते अख्खे ध्वनिमुद्रण यंत्राच्या हवाली करतो : 'याचा सारांश दे.' त्या बाईचे दुःख, तिचे नाव, तिचे गाव कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर जाऊन पडले, तिला कोणी विचारले? दहा टक्के की वीस, यावर घसा कोरडा करणाऱ्या नीतिमंतांना हा विश्वासघात दिसत नाही, कारण त्याचा रिपोर्ट निघत नाही.

तूर्त कुलगुरूंनी एवढेच करावे. गेल्या वर्षी मंजूर झालेल्या प्रबंधांच्या ढिगातून डोळे मिटून एक उचलावा. त्याच्या मार्गदर्शकाला दालनात बोलवावे, चहा द्यावा, दार लावून घ्यावे, मोबाइल बाहेर शिपायाकडे ठेवायला सांगावा आणि विचारावे : सर, तिसऱ्या प्रकरणात काय आहे?