संसारांतील यंत्रें : मोटारीचे नवे ब्रेकपॅड

गणेशोत्सव जवळ येऊं लागला, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत मोटारीविषयींचीं पत्रें वाढूं लागतात. पुण्या-मुंबईकडील कुटुंबें कोंकणांत निघावयाचीं असतात, आणि निघण्यापूर्वीं गाडी एकदां दाखवून आणावी म्हणून ती गॅरेजांत जाते. यंदांच्या एका पत्राचा मतलब असा, कीं पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड नवे बसविले, परंतु गाडी घरीं आणतांना ब्रेक पूर्वींपेक्षां मंद लागतो असें आढळलें; मेकॅनिक म्हणतो, "चालवा, आपोआप बसतील"; धाकटे बंधु म्हणतात, माल नकली आहे; आणि ऐंशी वर्षांच्या मातुःश्रींस घेऊन परवां कुंभार्ली घाट उतरावयाचा आहे, तर जावें कीं न जावें? मेकॅनिकाचें म्हणणें अर्धें खरें आहे. मात्र त्यांतील "आपोआप" या शब्दावर आमचा विश्वास नाहीं.

ब्रेक गाडी थांबवितो असें आपण म्हणतों. वस्तुतः तो गाडीच्या गतीचें उष्णतेंत रूपांतर करितो, याहून अधिक कांहीं करीत नाहीं. बाराशें किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां एकदां थांबविली, तर सुमारें १,६७,००० ज्यूल उष्णता उत्पन्न होते. एवढ्या उष्णतेंत अर्धा लिटर पाणी उकळीस येईल. म्हणजे दर थांब्यास घरांतील चार मंडळींच्या चहाचें आधण! वेग दुप्पट झाला, कीं ही उष्णता चौपट होते. गाडी थांबतांना तिचा भार पुढें झुकत असल्यामुळें या आधणाचा मोठा वांटा पुढच्या दोन चाकांस सोसावा लागतो, आणि म्हणूनच लहान गाड्यांत पुष्कळदां मागें साधा ड्रम असला तरी पुढें डिस्क असते.

नवा पॅड म्हणजे तंतु, धातूची भुकटी वगैरे पदार्थ राळेसारख्या बंधकांत घट्ट दाबून केलेली वडी होय. तिचा चेहरा सपाट असतो. पण जुन्या डिस्कवर सहस्रावधि फेऱ्यांनीं बारीक चऱ्या पडलेल्या असतात. त्यामुळें आरंभीं दोघांचा स्पर्श थोड्याच उंचवट्यांवर होतो, आणि पाय तितकाच दाबूनहि गाडी पुढें सरकते. हा दोष पॅडचा नव्हे. शिवाय चांगली पकड केवळ घासण्यानें येत नाहीं. पॅडच्या द्रव्याचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर सर्वत्र सारखा बसावा लागतो, व त्यानंतर पॅड आपल्याच द्रव्याच्या थरावर घासूं लागतो. आमच्या वाचक भगिनींस बिडाच्या नव्या तव्याची आठवण होईल. तेल लावून तो पुनःपुन्हां तापविला, म्हणजे त्यावर काळसर लेप बसतो व मग घावन नीट उतरतें. डिस्कहि बिडाचीच असते. (तव्यावरील लेप चिकटणें कमी करितो व डिस्कवरील लेप पकड वाढवितो, म्हणून उपमा अर्धीच लागू पडते, हें आम्ही जाणून आहों.) तवा एकदम भडक जाळावर ठेवला तर लेप फुटतो, तसेंच नव्या पॅडला पहिल्याच दिवशीं घाटाची उष्णता दिली, तर त्यांतील बंधकाचा वायु होऊन तो पॅड व डिस्क यांच्यामध्यें शिरतो, आणि पेडल घट्ट लागत असूनहि गाडी आवरत नाहीं. पत्रकर्त्यांच्या प्रवासांत भय आहे तें हेंच.

गॅरेजांतून गाडी घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. पॅड एकाच चाकाचे बदलले कीं जोडीनें दोन्ही चाकांचे? डिस्कची जाडी मोजली काय? किमान जाडीचा आंकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून त्यांस योग्य तें ग्रीस लावलें काय? आणि तेंच ग्रीस पॅडच्या तोंडास किंवा डिस्कला लागलें नाहीं ना? तेलकट झालेला पॅड उन्हांत वाळवून वा पुसून सुधारत नाहीं. तो टाकूनच द्यावा. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं नवा जाड पॅड बसावा म्हणून पिस्टन मागें ढकललेला असतो, त्यामुळें पहिल्या दाबास पेडल थेट तळास जातें. तें घट्ट लागेपर्यंत गाडी जागेवर उभी असतांनाच अनेक वेळां दाबावें, आणि मगच गिअर टाकावा. ही खबरदारी न घेतल्यामुळें गाडी गॅरेजच्या दारांतच भिंतीवर जाऊं शकते.

आतां मुख्य विधि. पॅडच्या डब्यांत छापील सूचना असेल तर तीच प्रमाण मानावी. कांहीं पॅड कारखान्यांतच भाजून येतात व त्यांस इतका उपचार लागत नाहीं. सूचना नसल्यास पहांटे, रहदारी नसेल अशा सरळ, कोरड्या रस्त्यावर जावें. मागें कोणी नाहीं हें पाहून वेग ताशीं ६० पर्यंत न्यावा, व मध्यम दाबानें, चाकें न अडकवितां, तो १५-२० पर्यंत उतरवावा. गाडी पूर्ण थांबवूं नये. पाय काढावा, सावकाश पुन्हां वेग घ्यावा, आणि अर्धा-पाऊण किलोमीटर वारा लागूं द्यावा. असें आठ-दहा वेळां करावें. किंचित् जळका वास आला तर घाबरूं नये. धूर निघूं लागला किंवा पेडल मऊ पडलें तर मात्र तेथेंच आवरतें घ्यावें. शेवटीं पांच-सहा किलोमीटर ब्रेकला शक्य तों स्पर्श न करितां फिरून यावें, म्हणजे सर्व भाग सावकाश निवतात. पुढील दोन-तीनशें किलोमीटर जोराचा ब्रेक टाळावा. अर्थात् समोर मूल आडवें आलें असतां हा नियम विसरून पूर्ण बळानें दाबावा, हें सांगणें नको.

या सर्वांत जी एक गोष्ट हमखास चुकते ती थांबण्याची. तापलेला ब्रेक दाबून धरून गाडी उभी केली, तर पॅडचा ठसा डिस्कच्या त्याच जागीं उमटतो. तेथील थर जाड होतो, आणि पुढें दर फेरीस पायाखालीं धडधड जाणवूं लागते. लोक म्हणतात, डिस्क वाकली. पुष्कळदां ती वांकडी झालेली नसते. तिच्यावर द्रव्य कमीजास्त बसलेलें असतें. वरील विधि पुन्हां केल्यानें कधीं कधीं तें निघून जातें. न गेल्यास, जाडी परवानगी देईल तर, लेथवर एक हात फिरवून घ्यावा. नवी डिस्क विकत घेण्याची घाई आम्हांस पटत नाहीं.

नकली मालाची शंका अगदींच अनाठायीं नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाखालीं मान्यता मिळालेल्या बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आंत असावी लागते, व त्यावर वर्तुळांत 'ई' हें रोमन अक्षर आणि एक अंक असतो. पावती व डबा मागून घ्यावा. डबा दाखविण्यास जो दुकानदार कांकूं करितो, त्याचा माल घेऊं नये. या धंद्याचा आरंभ मोठा मौजेचा आहे. इंग्लंडांत डर्बीशायरच्या डोंगराळ भागांत शेतकरी उतारावर गाड्यांच्या ब्रेकला जुन्या बुटांचें चामडें लावीत, तें पाहून हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ च्या सुमारास ब्रेकला लावण्याच्या अस्तराचा उद्योग सुरू केला, असें सांगतात. लॅंचेस्टरनें डिस्क-ब्रेकचें पेटंट १९०२ सालीं घेतलें. पण १९५३ मध्यें ल मांच्या शर्यतींत डिस्क लावलेल्या जॅग्वारनें बाजी मारली, तेव्हां कोठें जगाची खात्री पटली.

आतां घाट. तीच गाडी उंचींत ५०० मीटर खालीं उतरली, तर सुमारें १८ लिटर पाणी उकळेल इतकी शक्ति मोकळी होते. कांहीं वाटा हवा घेते. उरलेला इंजिनानें घ्यावा कीं ब्रेकनें, हें चालविणाराच्या हातीं असतें. म्हणून घाट दुसऱ्या गिअरांत उतरावा, वळणापूर्वीं थोडा वेळ ठाम दाबून पाय काढावा, आणि तेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची कांहीं मंडळींची काटकसर घरांतून कायमची हद्दपार करावी. ब्रेक-ऑइल हवेंतील पाणी शोषतें. डॉट ३ या प्रकाराचा उत्कलनबिंदु नवें असतां किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरूं शकतो. तें उकळलें म्हणजे नवे पॅडहि निरुपयोगी. सर्वसाधारणपणें दोन वर्षांनीं तें बदलावें.

पत्रकर्त्यांस आमचें उत्तर असें : हातीं एक पहांट आहे, तिचा उपयोग करावा. वरील विधीनंतर पकड सुधारली, तर परवां घाट कमी वेगानें उतरण्यास हरकत नाहीं. वाटेंत एकदोनदां थांबावें, परंतु ब्रेक निवेल इतकें हळू चालवून मग थांबावें. विधीनंतरहि पेडल मऊ लागलें वा हळूहळू खालीं जाऊं लागलें, तर दोष पॅडचा नसून नळींतील हवेचा, गळतीचा किंवा ऑइलचा समजावा. अशी गाडी घराबाहेर काढूं नये, मातुःश्रींस एस्. टी. नें न्यावें, गाड्या या दिवसांत जादा सुटतात.

एकत्र कुटुंबांत गाडी एक व चालविणारे चार, ही एक निराळी अडचण. पॅड बसविले वडील भावानें, आणि संध्याकाळीं वहिनी किंवा पुतण्या नेहमींच्या भरंवशानें गाडी घेऊन निघतात. यास्तव तीनशें किलोमीटर होईतों स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधून ठेवावी, व तीवर पॅड बसविल्याच्या दिवशींचा किलोमीटरचा आंकडा लिहावा. मागील चाकांच्या ड्रमांतील लायनरांविषयीं पुढील अंकीं लिहूं.