पंगत भरली की फोन काय करतो?



परभणी जिल्ह्यातल्या मानवतजवळच्या एका गावातून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पोस्टकार्ड आलंय. ती लिहिते, "पाडव्याला पुण्याच्या मावशीला फोन लावत होतो. दहा वेळा लावला. दर वेळी एक बाई सांगायची, सगळ्या लाइन्स व्यस्त आहेत. बाबा म्हणाले, यांचं एक्स्चेंजच बिघडलंय. खरं आहे का?"

बाबांचा वैताग कळतो. पण बरं का, ती बाई बोलत होती, त्याअर्थी एक्स्चेंज चांगलं शाबूत होतं! खरंच बिघडलं असतं तर ते गप्प बसलं असतं.

गावातलं लग्न आठवून बघा. मांडवात पन्नास पानं मांडलीत आणि दीडशे माणसं दारात उभी. वाढपी काय करतात? पन्नास जणांना बसवतात आणि बाकीच्यांना म्हणतात, "पुढच्या पंगतीला बसा हं." सगळ्यांना एकदम आत घेतलं तर कुणाच्याच पानात धड भात पडायचा नाही. एक्स्चेंजचंही तसंच असतं. एका गावाहून दुसऱ्या गावाकडे जाणाऱ्या वाटा मोजक्या असतात. त्या भरल्या की जे बोलतायत त्यांना बोलू द्यायचं आणि नव्याला नम्रपणे नाही म्हणायचं. वाटा वाढवता येतात की, पण फक्त दिवाळीसाठी वाढवल्या तर वर्षभर रिकाम्या पडतील. किती वाटा ठेवल्या म्हणजे पुरे, याचं गणित डेन्मार्कच्या एरलांग नावाच्या गणितज्ञाने मांडलं. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. त्याचा पहिला लेख १९०९ सालचा, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातला!

आता प्रश्न असा, की हे "नाही" म्हणतं कोण? एक्स्चेंज म्हणजे खरं तर एक संगणकच असतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला थांबवायचं, हे नियम त्याच्या प्रोग्राममध्ये लिहिलेले असतात. आपल्या देशात असे प्रोग्राम लिहिण्यासाठी ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा यांचा त्यात मोठा वाटा होता. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी खेड्यांसाठी १२८ लाइन्सचं छोटं एक्स्चेंज तयार केलं आणि १९८६ मध्ये पहिलं बसवलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. हो, राणी चन्नम्माचं कित्तूर! परदेशी एक्स्चेंजांना थंडगार एसी खोली लागायची. हे बेटं बिनएसीचं चालायचं. परभणीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना याचं मोल सांगायला नको.

पुढे त्यांनी हजारो लाइन्सची मोठी एक्स्चेंजं केली. पण एवढा मोठा प्रोग्राम एकाच गठ्ठ्यात लिहिला नाही, त्याचे भाग पाडले. एक भाग फोन सांभाळतो, दुसरा या भागांना एकमेकांशी जोडतो, तिसरा कुठला फोन कुठे जायचा ते ठरवतो. शिवाय महत्त्वाच्या प्रत्येक संगणकाला एक जुळा भाऊ असतो. एक काम करतो, दुसरा शेजारी तयारीत उभा. पहिला अडखळला की दुसरा काम हातात घेतो आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दूरच्या गावात मोठ्या एक्स्चेंजचा एखादा तुकडाही ठेवता येतो. मधली तार तुटली तर पुण्याला फोन लागत नाही, पण गावातल्या गावात बोलणं चालू राहतं.

झकास ना? मग आता न्यूयॉर्कची गोष्ट ऐका.

१५ जानेवारी १९९०. ए टी अँड टी या अमेरिकेतल्या बड्या कंपनीच्या एका एक्स्चेंजला दुपारी किरकोळ अडचण आली. त्याने ठरल्याप्रमाणे शेजाऱ्यांना कळवलं, "मी जरा थांबतो, मला फोन पाठवू नका." काही सेकंदांत ते सावरून पुन्हा कामाला लागलं. शेजारची एक्स्चेंजं "हा परत आला" अशी नोंद करत होती, तोच त्याच्याकडून लगोलग दुसरा निरोप आला. अगदी डोळ्याचं पातं लवायच्या आत! आणि नोंद करणाऱ्या प्रोग्राममध्ये एक छोटीशी सूचना चुकीच्या जागी पडलेली होती. महिनाभरापूर्वीच नवा प्रोग्राम घातला होता, त्यात ती शिरली होती. नोंदी बिघडल्या आणि शेजारी अडखळला. जुळा भाऊ धावून आला, पण त्याच्याकडेही तोच प्रोग्राम, म्हणजे चूकही तीच! मग त्या शेजाऱ्यानेही आपल्या शेजाऱ्यांना कळवलं, "मी जरा थांबतो..."

११४ एक्स्चेंजं नऊ तास अशी पडत-उठत राहिली. कंपनीचे जवळजवळ निम्मे फोन लागले नाहीत. गंमत बघा, तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रं जळली नव्हती. पडल्यावर सावरायचं कसं, हे सांगणाऱ्या भागातच चूक होती. आणि तो भाग रोज थोडाच वापरला जातो?

मग थांबलं कसं? इंजिनिअरांनी एक्स्चेंजांच्या आपसातल्या निरोपांची गर्दी कमी केली. निरोप सुटे सुटे यायला लागले, तशी एकेक एक्स्चेंज उभी राहिली. रात्री साडेअकराच्या सुमारास सारं शांत झालं. नंतर जुना प्रोग्राम परत घातला.

तर मैत्रिणी, हे बाबांनाही वाचून दाखव. आणि पुढच्या पाडव्याला मावशीला भल्या पहाटे फोन लाव. त्या वेळी सगळं गाव उटणं लावून बसलेलं असतं, पंगतीत जागा नक्की मिळेल!