अलास्का 'करून' आलात?

सिएटलच्या देसी लोकांचं अलास्का म्हणजे सात दिवसांची क्रूझ. आई-बाबा भारतातून आले की नायगारा, वेगस आणि मग हे. परत आल्यावर "अलास्का करून आलो!" माझा राग या 'करण्या'वरच आहे.

जुनोचंच घ्या. राज्याची राजधानी, वस्ती जेमतेम ३२ हजार, बाहेरून एकही रस्ता येत नाही. बोट नाहीतर विमान. २०२४ च्या हंगामात तिथे क्रूझचे सोळा लाखांवर प्रवासी उतरले! त्याच वर्षापासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असा समझोता करावा लागला. शनिवारी मोठी जहाजं नकोतच, हा प्रस्ताव मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये गावकऱ्यांनीच मतदानात पाडला. पोटाचा प्रश्न आहे, त्यांचं चूक नाही. चुकतोय आपण.

चार-सहा तासांत आपण काय बघतो? धक्क्याजवळची हिऱ्यांची नि टांझानाइटची दुकानं. अहो, टांझानाइट टांझानियात सापडतं! हंगाम संपला की यातली बरीच दुकानं फळ्या ठोकून बंद. खरं गाव त्यानंतर सुरू होतं, ते कुणी बघतच नाही. वर ब्रोशरमध्ये व्हिक्टोरिया 'बोनस'. कसला बोनस? परदेशी झेंड्याच्या जहाजाला मधे परदेशी बंदर घ्यावंच लागतं, १८८६ चा अमेरिकन कायदा आहे. म्हणून संध्याकाळी थोडा वेळ कॅनडा.

"मग करायचं काय?" बेलिंगहॅमहून अलास्का सरकारची फेरी सुटते, ही सेवा १९६३ पासून चालू आहे. केचिकनला पोचायला दीड दिवसाच्या वर लागतो. पोरंटोरं डेकवर चिकटपट्टीने तंबू लावून झोपतात (खरंच!), आई-बाबांसाठी केबिन असते. तेही नको असेल तर सिएटल-जुनो थेट विमान आहे, अडीच तासांच्या आसपास. लाँग वीकेंडला एकच गाव धरा. सिटका धरा. १८ ऑक्टोबर १८६७ ला रशियाने अलास्का अमेरिकेच्या ताब्यात दिलं ते याच गावात. रशियन चर्च आहे, झाडीत उभे टोटेम खांब आहेत, आणि हे सगळं रशियनांच्या कितीतरी आधीपासून ज्यांचं आहे ते ट्लिंगिट लोक आजही तिथेच राहतात. दोन रात्री राहा, पाऊस पडणारच, भिजा. कॉफी पिताना शेजारच्याशी बोला.

बाकी जूनमध्ये तिथे रात्री दहालाही उजेड असतो. त्या वेळी आपली क्रूझवाली मंडळी बुफेत गुलाबजाम आहेत का ते विचारत असतात.