वार बदलला, खाड्याचे काय?

२० मे २०२४ रोजी मुंबईत लोकसभेचे मतदान सोमवारी झाले. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली. विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला, २० नोव्हेंबर. राज्याचे मतदान २०१९ च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेले. पण श्रेय एकट्या बुधवारचे म्हणता येणार नाही.

वार बदलल्याने सहलीला जाणारा थांबेल. कंत्राटदाराकडच्या मजुराला मात्र खाडाच परवडत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार मतदानाच्या दिवशी रोजंदारीवाल्यालाही भरपगारी सुट्टी आहे. न देणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये! एकट्याचे मुकादम ऐकत नाही. म्हणून आदल्या दिवशीच दहाजणांनी मिळून सुट्टी मागा, पगारासकट.