सूडपटातली सर्वांत मोठी थाप

सूडाच्या थरारपटातलं रक्त मला खुपत नाही. खुपते ती त्यातली खात्री. पहिल्या अर्ध्या तासात खून किंवा बलात्कार आपल्या डोळ्यांदेखत घडतो. गुन्हेगाराचा चेहरा पडदाभर दिसतो, पैसे खाणारा फौजदार दिसतो, साक्षीदार फुटताना दिसतो. मग नायकाने कोयता उचलला की थिएटर शिट्ट्यांनी दणाणतं. दोषी कोण, हा प्रश्न प्रेक्षकाला पडूच दिला जात नाही. ही शुद्ध फसवणूक आहे, कारण प्रत्यक्षात तो पहिला अर्धा तास कोणीच पाहिलेला नसतो.

शिरूर-दौंडच्या माणसांना तर हे सांगावं लागू नये. जानेवारी 2023 आठवा. पारगावजवळ भीमेच्या पात्रात 18 तारखेला पहिला मृतदेह मिळाला. 24 तारखेपर्यंत सात झाले. नवरा-बायको, त्यांची लेक, जावई आणि लेकीची तीन लहान मुलं. मजुरीसाठी पारनेर तालुक्यातल्या निघोजला येऊन राहिलेलं हे कुटुंब. मुलाने एका विवाहितेला पळवून नेलं, बापाला ती नामुष्की सोसली नाही आणि सगळ्यांनी जीव दिला, अशी गोष्ट लगेच तयार झाली. पोलिसांचा पहिला अंदाजही आत्महत्येचाच होता. ऐकणाऱ्याला पटावी अशीच ती गोष्ट होती.

पण तपास तिथे थांबला नाही, आणि पकडले गेले ते भावकीतलेच पाच जण: चार भाऊ आणि त्यांची बहीण. पोलिसांचं म्हणणं असं की त्यांच्यातल्या एकाचा तरुण मुलगा पूर्वी वाघोलीकडे अपघातात गेला होता. सरकारदरबारी नोंद अपघाताची. घरच्यांच्या मनात मात्र पक्कं बसलं होतं की तो घातपात होता आणि त्यामागे नदीत सापडलेल्या या चुलतभावाचा मुलगा होता. म्हणून सूड. ज्याच्यावर संशय, तो मुलगा त्या सात जणांत नव्हताच. त्याचे आईबाप होते, बहीण होती, मेहुणा होता आणि ज्यांना अपघात आणि घातपात यांतला फरकही कळत नव्हता अशी तीन भाचरं होती.

या आरोपींबद्दल अखेरचा शब्द कोर्टाचा, माझा नाही. मला बोट ठेवायचं आहे ते वेगळ्याच ठिकाणी. या प्रकरणात अंदाज पोलिसांचाही चुकला होता. पण शवविच्छेदन झालं, जबाब झाले, नातेवाइकांची चौकशी झाली आणि तो दुरुस्त झाला. तपासात चूक सुधारायला जागा असते. सूडात ती नसते. सात माणसं नदीत टाकल्यावर आपला संशय खोटा होता असं कळलं, तरी त्या कळण्याचा कोणाला काय उपयोग?

यावर नागपूरचा दाखला तोंडावर फेकला जातो. 13 ऑगस्ट 2004 रोजी कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला भर कोर्टात संपवलं. त्याने वर्षानुवर्षं वस्तीला छळलं होतं, बायकांची अब्रू लुटली होती आणि पोलीस ठाण्यात दाद लागत नव्हती. त्या बायकांकडे बोट दाखवायची माझी छाती नाही. लाज वाटायला हवी ती तक्रार घेऊन आलेल्या बाईला परत पाठवणाऱ्या ठाण्याला. पण या प्रसंगातून ‘जमावाला बरोबर कळतं’ हा धडा काढणाऱ्यांनी राईनपाड्यालाही जाऊन यावं. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या त्या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी मंगळवेढ्याकडची माणसं ती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. त्या जमावालाही तितकीच खात्री होती. आणि आपल्याकडे? 1 ऑगस्ट 2025 ला दौंडच्या यवतमध्ये एका पोस्टवरून जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. पोस्ट एकाची आणि झळ भलत्यांनाच.

वर्दीतला सूड तर याहून घातक. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्यांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस 23 सप्टेंबर 2024 ला पोलिसांच्या गाडीतच गोळीने मेला. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले, त्यावर गृहमंत्री बंदुकीसह झळकले. पुढे जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या माणसाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. कोणी काय दडवलं, कोणी उशीर केला, हे साक्षीदारांच्या उलटतपासणीत जे निघालं असतं, ते कायमचं गेलं. त्या गोळीबाराच्या वर्षभर आधी, सप्टेंबर 2023 मध्ये, न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’छाप सिनेमे घातक संदेश देतात असं जाहीरपणे बजावलं होतं. कोणी मनावर घेतलं?

सिनेमावाल्यांना हे कळत नाही असं नाही. निशिकांत कामतांच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला माधव आपटे व्यवस्थेवर चिडून हात उचलतो, पण 2005 सालचा तो सिनेमा त्याला देव करत नाही, त्याचं तुटत जाणं दाखवतो. ‘डेथ विश’ ज्या कादंबरीवर बेतला तिचा लेखक ब्रायन गारफिल्डही 1974 च्या त्या चित्रपटावर नाराज होता, कारण त्याच्या लेखी ज्याचा अधःपात होत होता, त्याला पडद्यावर नायक केलं गेलं. धंद्याला नायक हवा असतो, म्हणून शंका कापून टाकतात.

आणि आता गुनाट. शिरूर तालुक्यातलं गाव. 25 फेब्रुवारी 2025 ला स्वारगेटला उभ्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला आणि आरोपी निघाला याच गावचा. तो उसात लपला होता. पोलिसांनी श्वान आणले, ड्रोन उडवले, आणि गावकरी त्यांच्याबरोबर रात्री-अपरात्री उसाच्या फडात शिरले. ज्यांनी उसाचा फड आतून पाहिलाय त्यांना ठाऊक आहे: पानं अंग कापतात, चार हातांवरचं दिसत नाही, बिबट्याची धास्ती वेगळीच. 28 च्या पहाटे, एकच्या सुमारास, तो सापडला आणि जिवंत पोलिसांच्या ताब्यात गेला. चिडलेलं गाव होतं, अंधार होता. तरी कोणी न्यायाधीश झालं नाही. मला या अख्ख्या भागात यापेक्षा मर्दानी गोष्ट ठाऊक नाही.

कोर्ट संथ आहे हे मीही जाणतो. तारखांना हेलपाटे घालून म्हातारे झालेले लोक मी पाहिलेत. त्याचा राग येत असेल तर तो योग्य ठिकाणी काढा. आमदाराला जाब विचारा की न्यायाधीशांच्या जागा का भरत नाहीत, ठाण्यात तपासाला माणसं का नाहीत. आणि एक काम तर आपल्याच हातातलं आहे. पडद्यावरच्या कोयत्याला शिट्टी मारणारा हाच गडी, हवालदार पंचनाम्याला पंच शोधत आला की ‘साहेब, मला रानात पाणी द्यायचंय’ म्हणून सटकतो. पंच फुटतात, साक्षीदार उलटतात, आरोपी सुटतो, आणि मग आपणच म्हणतो की कायद्यात दम नाही. पुढच्या वेळी गावात पंचनाम्याला बोलावलं तर जा, वाचल्याशिवाय सही करू नका, आणि कोर्टाचं समन्स आलं की उभं राहून जे पाहिलं तेवढंच सांगा.